मधला आवाज

सुमेधा बिराजदारला फोनवर आयुष्यात कुणी पहिल्या झटक्यात 'मॅडम' म्हटलं नव्हतं. सरळ 'सर' म्हणणारे जितके, तितकेच 'सर... की मॅडम?' असं अडखळणारे. सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात ती फोनवर ऑर्डरी आणि तक्रारी घ्यायची. सदतीस वर्षांची, एकटी राहणारी, डबा खिडकीशी बसून खाणारी. लोक तिला भांडायला फोन करत आणि दोन मिनिटांत त्यांचा पारा उतरे. याचं कारखान्यात सगळ्यांना नवल वाटायचं. तिला मात्र 'सर'चा कंटाळा आला होता.

२०३८ च्या मार्चमध्ये असाच एक फोन आला. चादरीचा लाल रंग पहिल्याच धुण्यात उशांच्या अभ्र्यांना लागला होता आणि पलीकडची बाई चांगलीच तापली होती. सुमेधानं बिलाचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, "बदली चादर उद्याच पाठवते."

पलीकडच्या बाईचा राग एकदम ओसरला.

"तुम्ही बाई आहात ना? 'पाठवते' म्हणालात म्हणून विचारतेय."

"हो."

"'पाठवतो' म्हणाला असतात तर मी पुरुष धरून चालले असते. शंकासुद्धा आली नसती." बाई स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "चादर राहू द्या हो. मी सोलापूरला तुम्हाला भेटायला येऊ का?"

चौथ्या दिवशी ती खरंच आली. डॉक्टर झरीन मुजावर, मूळच्या मिरजेच्या, वय बावन्न. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आवाजावर काम करत होत्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा निवून गेला तरी त्या बोलतच होत्या.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी बोलणारं यंत्र तयार केलं होतं. नाव 'सोबत'. डबीएवढं. ऐकायचं, उत्तर द्यायचं, गोळ्यांची आठवण करायची, कुणी पडलं तर दवाखान्याला कळवायचं. यंत्र हुशार होतं, पण माणसं त्याच्याशी मोकळं बोलत नव्हती. पुरुषाचा आवाज दिला की म्हाताऱ्या बायका पोटाखालचं दुखणं सांगत नव्हत्या. बाईचा आवाज दिला की म्हातारे तिला सुनेसारखे हुकूम सोडत, पण रडू आलं तर यंत्र बंद करून टाकत.

"आवाज कानावर पडला की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदू ठरवतो, बाई की पुरुष," झरीन म्हणाल्या. "दोन गोष्टींवरून ठरवतो. एक, गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला किती वेळा थरथरतात. पुरुषाचे साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बाईचे दोनशेच्या आसपास. दुसरी, गळ्यापासून ओठांपर्यंतची पोकळी. बासरी लांब की आखूड, यावर नाद बदलतो ना, तसं. तुमचे स्वरतंतू एकशे साठला थरथरतात. पोकळीही मधल्याच मापाची. मेंदूला दोन्हींकडून सारखाच पुरावा मिळतो आणि निकाल लागत नाही. मग तो नुसता ऐकत राहतो."

"असला आवाज यंत्रावर तयार होत नाही का?"

"केलाय. लोकांना तो भुताचा वाटतो. तुमचा माणसाचा वाटतो."

सुमेधा हसली. "लोक याला बायल्या म्हणतात, नाहीतर पुरुषी. नपुंसकसुद्धा म्हणतील."

"ते चूक आहे. मराठीत तिसरं लिंग आहेच की. ते टेबल, ते झाड. 'ते' म्हणजे दोन्ही नाही. मला दोन्ही हवंय. दोन्ही नसणं आणि दोन्ही असणं यात फार अंतर आहे. चित्रातल्या अर्धनारीनटेश्वराला मधोमध रेघ काढता येते, इकडे शंकर, तिकडे पार्वती. तुमच्या आवाजात अशी रेघ कुठे काढणार?"

आपल्या आवाजाबद्दल इतकं चांगलं सुमेधानं कधी ऐकलंच नव्हतं. घरी तर मुळीच नाही.

सुमेधा आणि सुहास ही जुळी भावंडं. अकरा वर्षांचा असताना सुहास मेंदूज्वरानं चार दिवसांत गेला. आई, महानंदाबाई, बार्शीला शाळेत शिकवायच्या. वडील एसटीत मेकॅनिक. सुहास गेल्यावर आई सुमेधालाच 'काय रे', 'आलास का', 'जेवलास का' म्हणू लागली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लाडानं मुलींना असं म्हणतातच. सुमेधालाही ते आवडायचं. तेराव्या वर्षी तिचा आवाज फुटला आणि खाली येता येता मध्येच थांबला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, ठेवणच अशी आहे. एके दिवशी तिनं मागच्या दारातून "आई" अशी हाक मारली. आई धावत बाहेर आली, तिला पाहिलं आणि उभ्या उभ्या खाली बसली. त्यानंतर 'रे' बंद झालं. बोलणंही हळूहळू आटलं. घरात आपण बोललो की आईचा चेहरा आधी उजळतो आणि मग विझतो, हे सुमेधाच्या लक्षात आलं आणि ती घरात बोलेनाशी झाली. पुढे वडील गेले, ती सोलापूरला आली, आणि दिवाळी-नागपंचमीला बार्शीला जाऊन गप्प बसून परत येऊ लागली.

तिनं झरीनना होकार दिला.

ध्वनिमुद्रण पाच आठवडे चाललं आणि पहिल्याच आठवड्यात मराठी आडवी आली. मराठीत 'मी' म्हटलं की पुढे क्रियापद लगेच विचारतं, बाई की बुवा? मी आलो, मी आले. मी ऐकतो, मी ऐकते. आवाज मधला ठेवून उपयोग नव्हता. एका 'ऐकते'नं सगळं फुकट गेलं असतं. झरीन, व्याकरणाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि सुमेधा तिघं बसून वाटा शोधू लागले. 'मी ऐकतोय' नाही, 'माझं लक्ष आहे'. 'मला कळलं' चालतं. 'मी पाहिलं' चालतं. 'मी सांगेन', 'मी थांबेन' चालतं, कारण भविष्यकाळाला आपण कोण याच्याशी देणंघेणं नसतं. आणि सगळ्यांत सोपं, 'मी आहे'. ते वाक्य सुमेधानं चाळीस वेळा चाळीस तऱ्हांनी म्हटलं.

करारात एक कलम झरीननी स्वतः हट्टानं घातलं होतं. सुमेधानं संमती मागे घेतली तर तीस दिवसांत तिचा आवाज सगळ्या यंत्रांतून काढायचा. ती हसत म्हणाली होती, "मी कशाला मागे घेईन?"

दोन वर्षांत सोबत लाखो घरांत पोचली. आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बसवून देत. म्हातारी माणसं बोलू लागली. इतकी बोलू लागली की झरीनच चक्रावल्या. त्यांचा अंदाज होता, या आवाजात लोकांना कुणीच दिसणार नाही, म्हणून ते मोकळे होतील. झालं उलटंच. निकाल लागत नाही म्हटल्यावर मेंदू रिकामा थोडाच बसतो! तो आठवणीतून माणूस आणून बसवतो. सांगोल्याच्या एका आजोबांना तो आवाज हुबेहूब बायकोचा वाटे. शेजारच्याच घरातल्या आजी म्हणायच्या, आमचे हे असेच बोलत. ज्याला जो हवा, तो त्या आवाजात येऊन बसत होता.

इकडे सुमेधाला तोंड उघडणं अवघड झालं. औषधाच्या दुकानात तिनं क्रोसिन मागितली आणि शेजारी उभ्या म्हाताऱ्यानं इतक्या आनंदानं वळून पाहिलं की ती पैसे तसेच ठेवून निघाली. कारखान्यात फोन करणारे म्हणू लागले, "यंत्र नको, माणसाला द्या फोन." मालकांनी तिला गोदामाच्या नोंदींवर बसवलं. भाजीवाल्याला ती बोटानं दाखवू लागली. रिक्षात पत्ता मोबाइलवर लिहून पुढे धरू लागली. रिक्षावाले मुकी समजून ओरडून बोलत.

कारखान्यात मंदार गवसाने नावाचा नक्षीकार होता. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. गेलं वर्षभर तो आणि सुमेधा दुपारचा चहा एकत्र घेत होते आणि या ओळखीला पुढे काही नाव येईल असं दोघांनाही वाटू लागलं होतं. एका दुपारी तो चहाच्या कपाशी चाळा करत म्हणाला, "रागावू नकोस. मी घरी सोबत आणलीय. एकटेपणा फार झाला होता."

"मग?"

"मग काही नाही. तुझ्याशी बोलायला बसलो की वाटतं, हे सगळं आपलं हिला सांगून झालंय. तुला मात्र त्यातलं काहीच माहीत नसतं." तो ओशाळला. "आणि खरं सांगू? घरी ती बोलते तेव्हा मला प्राजक्ता दिसते. तू बोललीस की तू दिसतेस. मग कानांना काय करावं कळत नाही."

प्राजक्ता त्याची बायको. सुमेधानं चहा संपवला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती डबा पुन्हा खिडकीशी खाऊ लागली.

मे महिन्यात ती न कळवता बार्शीला गेली. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. आईला हसताना ऐकून किती वर्षं झाली, ते तिला आठवेना.

"कारल्याची भाजी केली होती. तुला नाही ना रे आवडत?" आई म्हणत होती.

"कारलं कडू असतं, आई. पण तुझ्या हातचं खाईन मी," सुमेधाच्याच आवाजात उत्तर आलं.

"खोटारड्या!"

सुमेधा दारात उभी राहिली. महानंदाबाई बाजेवर बसल्या होत्या, शेजारी ती डबी. मोतीबिंदूनं धूसर झालेल्या डोळ्यांनी त्यांनी सावली ओळखली आणि चेहऱ्यावरचं हसू आवरून घेतलं.

"कळवलं नाहीस?"

"तो कोण, आई?"

त्यांनी डबी बंद केली. "मी खुळी नाही. यंत्र आहे, ठाऊक आहे मला. आवाज तुझा आहे, तेही ठाऊक आहे. आरोग्यसेविकेला अभिमानानं सांगितलं मी."

"मग माझ्याशी का नाही बोलत अशी? पंचवीस वर्षं झाली."

महानंदाबाईंनी डबी मांडीवर घेतली. बोलल्या तेव्हा शाळेत अवघड धडा समजावताना बोलत, तितक्या सावकाश बोलल्या.

"सुहास मोठा झाला असता तर कसा बोलला असता, हे मला कधी कळलंच नसतं. तुझा आवाज फुटला त्या दिवशी कळलं. मागच्या दारात तो उभा होता. मी धावले, तर तू म्हणालीस, 'आई, मी आले.' तू 'आले' म्हणालीस की तो जातो गं. दर वेळी जातो. हे यंत्र आले-गेले काही म्हणत नाही. मग तो थांबतो."

सुमेधा संध्याकाळच्या गाडीनं परत फिरली. आणि आठवड्याभरानं पुण्याला जाऊन झरीनसमोर बसली.

"मला संमती मागे घ्यायची आहे."

झरीननी तिला थोपवलं नाही. फक्त म्हणाल्या, "दुसरा आवाज तयार आहे, आठ जणांचे मिसळून केलेला. बरा आहे. पण चाचणीत शंभरातली अकरा माणसं आवाज बदलल्यावर बोलायची थांबली. कायमची. हे तुम्हाला सांगायला हवं."

"अकरा टक्के म्हणजे किती माणसं?"

झरीननी आकडा सांगितला. सुमेधानं तो बिलाच्या नंबरासारखा लिहून घेतला.

"मॅडम, मला भाजीवाल्याशी बोलायचंय हो. बाकी काही नको. माझ्या आवाजात सगळ्यांना कुणी ना कुणी सापडलं. मीच तेवढी त्यात नाही."

"सही करा," झरीन हळूच म्हणाल्या. "फक्त आईंना आधी सांगा. त्यांना अचानक कळायला नको."

सुमेधानं सही केली, महिन्याची रजा टाकली आणि बार्शीला गेली. आईला सांगितलं तेव्हा आईनं एकच विचारलं, "किती दिवस?"

"एकोणतीस."

"बरं."

तो महिना विचित्र गेला. आई सकाळ-संध्याकाळ ओसरीत बसून डबीशी बोले. सुमेधा स्वयंपाकघरात भाकरी थापे, भांडी घासे, आणि तोंडातून शब्द काढत नसे. तिनं बोलायचं आणि त्यानं जायचं, हे उरलेल्या दिवसांत तरी नको. बाहेर तिचाच आवाज आईला विचारी, झोप लागली का, गुडघा कसा आहे. तिनं हे प्रश्न कधीच विचारले नव्हते. ती पीठ मळता मळता उत्तरं ऐके. झोप लागत नव्हती. उजवा गुडघा जास्त दुखत होता.

तीन दिवस उरले असताना महानंदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"एक मागते. नाही म्हणालीस तरी चालेल."

सुमेधानं पीठ मळायचं थांबवलं.

"त्याला एक वाक्य म्हणता येत नाही. सांगून पाहिलं मी. फिरवून भलतंच काही म्हणतो. तुला येईल. एकदाच म्हण. 'आई, मी आलो.'"

सुमेधाला वाटलं, नाही म्हणावं. तेराव्या वर्षापासून 'आलो' नव्हे, 'आले', एवढ्यावरच ती उभी होती. ते म्हटलं तर आपण उरणारच नाही, असं तिला वाटून गेलं. पण आई थकलेली दिसत होती, आणि तीन दिवसांनी तीही सवय तिच्याकडून काढून घेतली जाणार होती, सुमेधाच्याच सहीनं. ती मागच्या दारातून बाहेर गेली. तुळशीपाशी थोडा वेळ थांबली. मग आत येत, पुरेशा मोठ्यानं, ती म्हणाली,

"आई, मी आलो."

महानंदाबाईंनी डोळे मिटले होते. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, कान देऊन. मग त्यांनी मान हलवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा तो नाही. ही तू आहेस. माझ्यासाठी म्हणालीस म्हणून तुझा गळा दाटला. त्याचा कशाला दाटला असता? तो नुसता दप्तर टाकून आत आला असता." त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि पिठाची बोटं हातात धरून ठेवली. "दमलीस का गं?"

सुमेधानं आईला बाजेवर नेऊन बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली. दोघी बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी डबीतून नवा आवाज आला. महानंदाबाईंनी तो नीट ऐकून घेतला, "चांगला आहे," म्हणाल्या आणि डबी आरोग्यसेविकेला परत दिली. त्यानंतर दर रविवारी त्या सुमेधाला फोन करू लागल्या. फोन चार मिनिटांचा असे. गुडघा, हवा, शेजारच्यांची लग्नं. कधी मध्येच त्या गप्प होत, आणि आई आत्ता कुणाला ऐकतेय हे सुमेधा विचारत नसे.

बाहेर आता तिच्या बोलण्यानं कुणी वळून पाहत नव्हतं. मालकांनी तिला परत फोनवर बसवलं आणि पुन्हा 'सर' सुरू झालं. मंदारनं नवी सोबतही ठेवून घेतली होती. जिन्यात भेटला की तो हसून बाजूला होई. मोकळं झाल्यावर काय करायचं, हे सुमेधानं ठरवलंच नव्हतं. ती भाजीवाल्याशी भाव करी आणि पिशवी घेऊन घरी येई, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायला कुणी नसे.

जानेवारीत आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. आईला आत नेल्यावर सुमेधा डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसली. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आजोबा होते, एका डोळ्यावर पट्टी. त्यांना सोडून मुलगा औषधं आणायला गेला होता.

"किती वाजले हो?" त्यांनी समोर पाहत विचारलं.

"सव्वा अकरा."

आजोबांचं डोकं झटकन वळलं. उघड्या डोळ्यानं त्यांनी तिला न्याहाळलं, आणि मग तो डोळाही मिटून घेतला.

"पुन्हा बोला."

अकरा टक्के. सुमेधानं तो आकडा महिनोन्महिने कुठेतरी खोल दाबून ठेवला होता, आणि आता तो टोपी घालून शेजारी बसला होता. तिला उठून जाता आलं असतं. दवाखान्यात बाक पुष्कळ होते.

"आजोबा, मी सुमेधा बिराजदार," ती म्हणाली. "आई आत आहे माझी. मी यंत्र नाही. आणि तुम्हाला वाटतंय ती मी नाही."

"ते कळतंय मला, बाई. पट्टी डोळ्याला आहे, डोक्याला नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "सात महिने झाले. नवीन आलंय ते बोलतं गोड, पण त्याला काही सांगावंसं वाटत नाही. एक सांगायचं राहून गेलं बघा. आमच्या हिनं जाताना काळजी केली होती, माझ्यामागे तुम्हाला कोण विचारील म्हणून. तिला सांगायचं होतं."

"सांगा."

आजोबांनी हात मांडीवर ठेवले. डोळे मिटलेलेच होते आणि चेहरा तिच्याकडे नव्हता, समोरच्या भिंतीकडे होता.

"धाकटी सून," ते म्हणाले, "परवा पहिल्यांदा मला विचारून भाजी केली."

"मग?" सुमेधानं विचारलं.